लालासाहेबांची थांबणारी मोटार

लढाईच्या वर्षांत कराड ते सांगली धावणाऱ्या सर्व्हिस मोटारी वाटेत थांबायच्या सगळ्याच. पेट्रोल लष्कराकडं गेलेलं. मग मोटारीच्या पाठीला पाणी तापवायच्या बंबासारखं एक भलंमोठं पिंप बसवायचे, त्यात कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस नळीनं इंजिनात जायचा आणि मोटार चालायची. चालायची म्हणजे सपाटीला चालायची. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं, ढकलायचं आणि परत आत शिरताना एकमेकांच्या जागा बळकावायच्या. माझ्या पाहण्यात त्या ढकलाढकलीत दोन सोयरिकी जमल्या आणि एक मोडली. मोडली ती कुणामुळं हे मला पक्कं ठाऊक आहे, पण ती माणसं अजून हयात आहेत, म्हणून गप्प बसतो.

तर थांबायच्या सगळ्याच. पण मोटार थांबली की खूश होणारा ड्रायव्हर त्या रस्त्यावर एकच होता. लालासाहेब.

सहा फूट गडी. मिशा अशा की मोटारीला पुढचे दिवे नसते तरी चाललं असतं, लोक मिशा बघूनच बाजूला झाले असते. आधीच्या लढाईत बसऱ्याला लष्कराची लॉरी चालवून आलेला. मोटार आचके देत बंद पडली की दुसरे ड्रायव्हर बंबाच्या आईबापापासून सुरुवात करायचे. लालासाहेब शांतपणे खाली उतरायचे, टोपी सारखी करायचे आणि मोटारीकडं पाठ फिरवून शेतांकडं तोंड करून हाक द्यायचे, "कुणाचं काय अडलंय का हितं?"

बंबाचं काय ते क्लीनर गुंडानं बघायचं. हा गुंडा लालासाहेबांपेक्षा दहा वर्षांनी थोरला, दम्याचा, आणि त्याला लालासाहेबांचा देव अजिबात पसंत नव्हता. "ह्येचा देव माणसं हुडकतोय," तो म्हणायचा, "आन् म्या राख उपसतोय."

पहिल्यांदा मी हा प्रकार बघितला तेव्हा लालासाहेबांना विचारलं होतं, की हे काय? ते म्हणाले, "मधुराव, बसऱ्याच्या पल्याड वाळवंटात माझी लॉरी बंद पडली. म्या उतरून तिला लाथा घातल्या. टाच दुखली म्हणून खाली बसलो, तर वाळूच्या उंचवट्यामागं कुणीतरी कण्हतंय. आमच्याच पलटणीचा नाईक, दोन दिस पाण्याबिगर पडलेला. आता तुमी शिकलेली माणसं. सांगा, लॉरी बंद पडली का देवानं थांबिवली?"

मी तेव्हा बावीस वर्षांचा. सांगलीत एका वकिलांकडं कारकून, दर गुरुवारी कराडहून त्यांचे कागद घेऊन येणारा. बावीस वर्षांच्या कारकुनाला जेवढी अक्कल आपल्यापाशी आहे असं वाटतं, तेवढी पुढं जन्मभर वाटत नाही. मी म्हटलं, "बंद पडली."

लालासाहेब हसले. त्या हसण्याचा मला फार राग आला.

आणि गंमत अशी, की हाकेला कुणी ना कुणी ओ द्यायचंच. नेर्ल्याजवळ एका म्हातारीची चूल विझलेली आणि घरात काडेपेटी नाही, तर लालासाहेबांनी मोटारीच्या बंबातला निखारा तिला खापरीत घालून दिला. कासेगावच्या अलीकडं एका लग्नघरी भटजीच आले नव्हते. लालासाहेबांनी आमच्यातले सांगलीला जेवायला निघालेले एक भटजी उचलून मांडवात नेऊन बसवले. लग्न लागेस्तोवर आम्ही सगळे पंगतीला. त्या दिवशी मोटार अडीच तास उशिरा पोचली आणि एकाही उतारूनं तक्रार केली नाही, कारण जिलबी चांगली होती.

तक्रार करायचे ते मालक. चिंतामणराव सांगलीच्या स्टँडवर बाकावर बसून असायचे, हातात साखळीचं घड्याळ. माणूस वाईट नव्हता, पण वेळेच्या बाबतीत असा, की बायकोनं वरण पाच मिनिटं उशिरा वाढलं तर ताटावरून उठून घड्याळाला किल्ली देऊन यायचे. त्यांचं आणि लालासाहेबांचं दर महिन्याला एक भांडण ठरलेलं.

आता रंगूबाईचं सांगायला हवं. आष्ट्याच्या स्टँडला रंगूबाईचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार पत्रे, एक बाकडं आणि दारात गोणपाटाचं पायपुसणं. बाई विधवा, तिशीतली, तोंडानं तिखट. लालासाहेबही एकटेच, बायको प्लेगात गेलेली. बंबात कोळसा भरायला आष्ट्यात दहा मिनिटं लागत, पण लालासाहेबांना चहाला वीस लागत. मी एवढंच बघितलं आणि पेठ गावापासून मिरजेपर्यंत बातमी पोचवली, की लालासाहेबांचा देव फार करून आष्ट्यातच राहतो. लालासाहेबांच्या कानावर गेलं. पुढल्या गुरुवारी ते चहा पाच मिनिटांत संपवून उठले, आणि रंगूबाईनं माझ्या चहात साखर घातली नाही.

त्याच गुरुवारी माझ्या डोक्यात ती खोडी शिरली.

आष्टा सोडलं की तीनेक मैलांवर तेव्हा एक उघडा माळ होता. ना वस्ती, ना विहीर, ना सावलीला बाभूळ. मी म्हटलं, मोटार तिथं बंद पडली तर? तिथं देवालाच काम मिळणार नाही. मग बघू लालासाहेब कुणाला हाक देतात ते.

पुढच्या गुरुवारी लालासाहेब चहा पीत होते, गुंडा पाणी आणायला गेला होता. मी रंगूबाईच्या पायपुसण्याचा हातभर तुकडा फाडला, रांजणात बुडवला आणि बंबाच्या नळीचं झाकण काढून आत कोंबला. गॅस कोंडत कोंडत जाईल आणि बरोबर माळावर मोटारीचा श्वास संपेल, असा माझा हिशेब. झाकण लावलं, हात पुसले आणि साळसूदासारखा जागेवर जाऊन बसलो.

मोटार निघाली. गुंडा माझ्या शेजारी टेकला आणि हळूच म्हणाला, "मधुराव, आज देवाला म्हनावं निजून ऱ्हा. मालकानं काल तंबी दिलीया. आज दीडच्या ठोक्याला मोटार सांगलीत न्हाई आली, तर लालासाहेबानं किल्ली बाकावर ठिवायची आन् घरी जायचं. दुसरा ड्रायव्हर बोलावून ठिवलाय."

मी म्हटलं, "मालक दर महिन्याला असंच म्हणतात."

"दर म्हैन्याला दुसरा ड्रायव्हर बाकावर आणून बशिवत न्हाईत."

आता काय करावं? ओरडून मोटार थांबवावी तर सगळं उघडं पडतं. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, आहेस तर मोटार चालव. देवानं ऐकलं नाही. माझा हिशेब मात्र तंतोतंत बरोबर आला. माळाच्या ऐन मध्यावर मोटारीनं तीन उचक्या दिल्या आणि ती गप्प झाली.

लालासाहेब उतरले. टोपी सारखी केली. "कुणाचं काय अडलंय का हितं?"

वर एक घार होती, तिनंही ओ दिली नाही. लालासाहेब रस्त्याच्या या अंगाला गेले, त्या अंगाला गेले, मैलाच्या दगडावर चढून उभे राहिले. कुणी नाही. आतून शिव्या सुरू झाल्या. सुलाबाई म्हणून एक बाई माहेरी निघाली होती, ती खिडकीतून म्हणाली, "आवं ड्रायव्हरसाहेब, देव गावला न्हाई वाटतं! का आष्ट्यालाच ऱ्हायला?" सगळी मोटार हसली. हसायला मीच शिकवलेलं होतं.

लालासाहेब हसले नाहीत. ते परत आले, आणि पायरीवर पाय ठेवून आमच्याकडं बघत उभे राहिले. एकेकाचं तोंड न्याहाळायला लागले. माझ्याकडं बघितलं तेव्हा मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. मी पायात वहाणा घातल्या होत्या.

"भाईर कुणी न्हाई," ते म्हणाले. "म्हंजे आतच हाय कुणीतरी. कुणाचं काय अडलंय?"

"माजं अडलंय की," सुलाबाई म्हणाली. "माज्या दाल्ल्याला अक्कल द्या म्हनावं."

"त्येला लय दिस लागतील, बाई. थांबून भागायचं न्हाई." परत हशा. पण लालासाहेबांची नजर मागच्या बाकाच्या कोपऱ्यावर थांबली होती. तिथं आष्ट्याला चढलेली एक म्हातारी होती, बनुबाई. जवळच्या वाडीची, मांडीवर गाठोडं. "आज्जी," ते म्हणाले, "सगळी मोटार मला शिव्या घालतीया. तुमी एकट्याच गप. गप न्हवं, तुमाला बरं वाटलंय गाडी थांबली ती. सांगलीला पोचायचं न्हाई व्हय?"

म्हातारीनं गाठोडं पोटाशी ओढलं. मग म्हणाली, "पोचलं की वाचावं लागतंय, बाबा."

"काय वाचावं लागतंय?"

तिनं गाठोड्यात हात घातला नाही. गाठोड्याच्या बाहेर, सुतळीला, चिंधीत गुंडाळून काहीतरी बांधलेलं होतं, ते सोडलं. पोस्टाचं कार्ड. कार्डाला वरचा उजवा कोपरा नव्हता.

पुरुषांनी टोप्या काढल्या. सुलाबाईनं पदर तोंडाला लावला. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतं. मयताचं पत्र तसंच पाठवतात. ते घरात आणत नाहीत, बाहेर उभं राहून वाचतात आणि फाडून टाकतात.

"माजा कृष्णात लढाईवर हाय," बनुबाई म्हणाली. "आयतवारी पोस्टमनानं खाली मान घालून हातात दिलं आन् गेला. म्या गोठ्याच्या वळचणीला खोवून ठिवलं. सुनंला आठवा म्हैना हाय, शालूला. मंगळवारी तिची ओटी भरली. हिरवी चोळी घालून बसलीती. कुनाकडनं वाचून घेऊ? गाव रडत आलं असतं दारात. सांगलीत लेक हाय, तिच्याकडं वाचावं, तितंच रडून घ्यावं आन् तोंड धुवून परत यावं, म्हनून निगाले. वाचलं न्हाई तवर हायच की त्यो."

लालासाहेबांनी टोपी काढून हातात धरली. त्यांना अक्षर वाचता यायचं ते मैलाच्या दगडावरचं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मधुराव, तुमी वाचा. हितं. मोटार थांबलीया ती ह्येच्यापायीच."

ती कशापायी थांबली होती ते मला ठाऊक होतं. मी कार्ड हातात घेतलं. पण कारकुनाची सवय, कागद आला की आधी कडा बघायच्या. मी बघितलं आणि म्हटलं, "हा कोपरा फाडलेला नाही. सरळ कापलाय. कात्रीनं."

"कातरीनं?" लालासाहेब उडालेच. "लष्कराचा शिक्का हाय का बगा!"

"आहे."

"आरं तिच्या!" त्यांनी टोपी परत डोक्यावर आपटली. "वाचा, वाचा लौकर!"

मी वाचलं. "तीर्थरूप मातोश्रीस कृष्णातचा शिरसाष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल असून..."

"कुनी लिवलंय?" म्हातारीनं मध्येच विचारलं.

"कृष्णातनं."

"त्यानं सवता?"

"स्वतः. 'शालूस जपणे, तिला विहिरीवर पाठवू नये' असं लिहिलंय. आज्जी, मेलेला माणूस बायकोला विहिरीवर पाठवू नका असं कळवतो का?"

लालासाहेब मोठमोठ्यानं सांगत होते, "पलटणीतनं गावाचं नाव लिवू देत न्हाईत! पत्राच्या वर कोपऱ्यात ठिकाण लिवायची आपली सवय. तेवढं सायबानं कातरून काढलंय! माजीबी दोन पत्रं अशीच कातरलीती. आमची आई माजा दहावा घालून मोकळी झालीती!" बाया रडायला लागल्या, पुरुष हसायला लागले, सुलाबाई दोन्ही करत होती. बनुबाई नुसती कार्डाकडं बघत होती. मग तिनं ते माझ्या हातातून घेऊन पोलक्यात छातीपाशी ठेवलं. मी म्हटलं, "आज्जी, थांबा, अजून आहे," आणि परत मागून घेतलं.

खाली लिहिलं होतं, की मांडीला लागलं होतं, आता बरं आहे. सुट्टी नाही. येत्या गुरुवारी पुण्याकडून बेळगावला जातोय, दुपारी तीनची गाडी मिरजेला अर्धा तास थांबते. आईनं फाटकापाशी उभं राहावं, तोंड दिसलं तरी पुरे. एवढं सगळं त्या साहेबाच्या कात्रीतून कसं सुटलं, देव जाणे.

"येता गुरुवार म्हंजे?" बनुबाई म्हणाली.

"आज!" सगळी मोटार ओरडली.

दीड केव्हाच वाजून गेला होता. गुंडा म्हणाला, "बिघाड कुटं हाय ते गावंस्तोवर दोन तास जात्यात. सगळा बंब उतरवाय पायजे." आणि सगळ्यांनी मान खाली घातली.

मी उठलो. मागं जाऊन गुपचूप बोळा काढावा असा विचार होता. झाकणाला हात लावला आणि बोटं भाजली. बोंबललो. सगळे जमले. मग सांगावंच लागलं. "नळीत पायपुसणं आहे. मी घातलंय."

सुलाबाई म्हणाली, "मुडदा बशिवला तुजा, मेल्या!" आणि आणखीही बरंच म्हणाली, ते छापण्यासारखं नाही. गुंडानं चिमटा उचलला तो मला मारायला का झाकण काढायला हे मला आजतागायत कळलेलं नाही. लालासाहेबांनी माझ्याकडं फक्त एकदा बघितलं आणि म्हणाले, "काढा."

बोळा निघाला, अर्धा जळका. कोळसा हलवला, आणि निखारा फुलवायला बंबाचा पंखा फिरवायचं काम मला दिलं. तो पंखा हातानं फिरवून कधी बघा. गुंडा शेजारी उभा राहून "आनखी, मधुराव, आनखी" म्हणत होता आणि त्याचा दमा त्या दिवशी साफ बरा झालेला होता. हँडल मारलं. मोटार खोकली आणि लागली.

सांगलीचा पूल ओलांडला तेव्हा पावणेतीन व्हायला आले होते. स्टँडवर चिंतामणराव बाकावर घड्याळ धरून बसलेले, शेजारी नवा ड्रायव्हर. लालासाहेबांनी मागं वळून विचारलं, "कुणाला उतरायचंय?" एकानंही हात वर केला नाही. ज्यांचं घर स्टँडसमोर होतं तेही बसून राहिले. मग लालासाहेबांनी भोंगा वाजवला आणि चिंतामणरावांची मोटार चिंतामणरावांच्या नाकासमोरून न थांबता मिरजेच्या रस्त्याला लागली. मी मागच्या खिडकीतून बघितलं. ते उभे राहिले होते आणि घड्याळ कानाला लावून बघत होते, चालू आहे का म्हणून.

मिरजेला गाडी फलाटाला उभीच होती. फाटकापाशी काठी टेकून एक वाळलेला शिपाई येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची तोंडं बघत होता. बनुबाई त्याच्यापाशी गेली आणि काय केलं म्हणाल? पहिल्यांदा त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "पुन्यांदा कोपऱ्यात काय लिवशील तर बग!" त्या बिचाऱ्याला काही कळेना. मग तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि आम्ही सगळे उतारू उगाच आगगाडीचे डबे मोजायला लागलो. शालूला आठवा महिना लागून ओटीही भरली हे कळल्यावर तो काठी सोडून उभा राहिला. लेकीसाठी आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्यानं उभ्या उभ्या खाल्ली.

तेवढ्यात टांगा आला. चिंतामणराव उतरले, मागून नवा ड्रायव्हर. "लालासाहेब," ते म्हणाले, "आता पुरे. किल्ली."

लालासाहेबांनी किल्ली काढून पुढं धरली. मी पुढं झालो. "मालक, मोटार मी बंद पाडली," मी म्हटलं, पण माझ्याकडं कुणी बघेना, कारण बनुबाई मध्ये घुसली होती.

"ह्ये कोन?"

"मालक हायेत, आज्जी," गुंडा म्हणाला. "मोटार ह्यांची."

"तुमची मोटार व्हय!" म्हातारी चिंतामणरावांच्या पाया पडायला वाकली. ते मागं सरकले तर तिनं त्यांचा हात धरला आणि घड्याळासकट त्या हातात उरलेली अर्धी भाकरी ठेवली. "तुमी मोटार धाडलीत, म्हनून माजं लेकरू दिसलं. खावा. म्या बगत्ये, खावा."

भाकरी हातात आणि समोर म्हातारी. चिंतामणरावांनी माझ्याकडं बघितलं, लालासाहेबांकडं बघितलं, शिपायाकडं बघितलं. चटणी फार तिखट होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते चटणीनंच, असं ते पुढं नेहमी सांगत. घास गिळून ते म्हणाले, "लालासाहेब, परत जाताना मला सांगलीला सोडा. टांगेवाला फार हळू हाकतो." किल्ली लालासाहेबांच्याच हातात राहिली.

परतीच्या वाटेवर मी लालासाहेबांशेजारी बसून शिव्यांची वाट बघत होतो. शेवटी मीच म्हटलं, "तुमचा देव वगैरे काही नव्हता. मी होतो."

"तुमीच," ते म्हणाले. "पर तुमी मोकळा माळ हुडकलात. तितं एखादं खोपाट जरी असतं तर म्या तिकडं गेलो असतो. म्हातारीकडं बगितलंबी नसतं." आणि पुन्हा तसंच हसले. या खेपेला मला राग आला नाही, पण मान्यही केलं नाही. अजूनही करत नाही, नुसता अधूनमधून विचार करतो.

पुढचं मला गुंडानं सांगितलं: आष्ट्याला त्यांनी जळका बोळा रंगूबाईपुढं धरला. "तुमचं पायपुसणं."

"अर्दंच?"

"अर्दं मिरजेला जायाला लागलं."

"मंग नवं कोन देनार?"

"आणतो की. गुरुवारी."

गुरुवारी नवं गोणपाट आलं, त्याच्या पुढच्या गुरुवारी पत्र्याला डांबर, आणि पुढच्या चैत्रात त्यांचा पाट लागला. बातमी सगळ्यात आधी मीच दिली होती, हे मी लग्नात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. रंगूबाईनं मला चहा दिला. साखर होती.

लढाई संपून पेट्रोल आलं. बंब निघाला आणि मोटार थांबायचीच बंद झाली. सगळे खूश, लालासाहेब उदास. "आता कुनाचं अडलंय ते कळायचं कसं?" एक दिवस सांगलीच्या स्टँडवर गेलो तर वेळापत्रकाच्या फळीवर "आष्टा, दहा मिनिटे" च्या खाली चिंतामणरावांच्या हस्ताक्षरात खडूनं लिहिलेलं होतं: "माळ, पाच मिनिटे." नवे उतारू विचारायचे, हे माळ गाव कुठं आलं? आणि मोटार त्या उघड्या जागी थांबली, की लालासाहेब उतरून टोपी सारखी करायचे आणि बाहेर न बघता सरळ आतच बघायचे. दर खेपेला कुणीतरी एकजण बुटाची नाडी बांधायला वाकायचाच.